चार मिनिटांचे शिफारसपत्र

कंबरेतील सरकलेल्या चकतीमुळे डाव्या पायात उतरणारी कळ मी दोन वर्षे सोसत होतो, आणि रात्रीची झोप जवळजवळ संपली होती. कॅलिफोर्नियात जानेवारी 2018 पासून एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेता येतो, तेव्हा डॉक्टरांच्या शिफारसपत्राच्या कागदाची मला तशी गरजच नव्हती. पण गांजा या शब्दानेच ज्याच्या घरात आवाज खाली येतो अशा माणसाला तो कागद हवा असतो, कारण सही असली की ते औषध आणि नसली की ती नशा, असा मी माझ्यापुरता हिशेब मांडला होता. पुढे जे झाले त्याचे मूळ या हिशेबात आहे.

2019 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातील एका गांजाच्या दुकानाला लागूनच असलेल्या खोलीत मी गेलो. समोर डॉक्टर नव्हते, व्हिडिओचा पडदा होता. पडद्यावरच्या गृहस्थांनी दुखणे कुठे आहे एवढे विचारले, एमआरआयचा अहवाल मी पुढे केला तो पाहिला नाही, आणि मी रोज रात्री गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरचे औषध घेतो हे सांगण्याची वेळच आली नाही. चार मिनिटांत शिफारसपत्र छापून आले. त्याचे 89 डॉलर झाले, शिवाय ‘राज्याचे ओळखपत्र’ म्हणून छायाचित्रासह एक चकचकीत कार्ड, त्याचे 60 डॉलर वेगळे. आणखी पैसे भरल्यास 99 रोपे लावण्याची मुभा देणारे पत्रही मिळेल, असे काउंटरवरच्या मुलाने सुचवले. सदनिकेत राहणाऱ्या माणसाला 99 रोपे कशाला, हा प्रश्न त्याला पडला नाही. मला पडला, तरीही मी सावध झालो नाही. निघताना हातात शेजारच्या दुकानाचे सवलतीचे कूपन आले.

डॉक्टरांवर कायद्याने काय बंधने आहेत, हे मी नंतर वाचले. 1996 च्या मतदानाने कॅलिफोर्नियात वैद्यकीय गांजाला संरक्षण मिळाले, पण संघीय, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय, कायद्यात तो तेव्हा पहिल्या अनुसूचीतच, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या यादीतच राहिला. म्हणून डॉक्टर त्याचे प्रिस्क्रिप्शन लिहीत नाहीत, केवळ शिफारस करतात. अशी शिफारस करणाऱ्या डॉक्टरांचे नियंत्रित औषधे लिहून देण्याचे परवाने काढून घेण्याची धमकी संघीय सरकारने दिली होती, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. मार्कस कोनंट आणि इतर न्यायालयात गेले, आणि 2002 मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडील राज्यांच्या) संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की रुग्णाला प्रामाणिक वैद्यकीय मत सांगणे हा डॉक्टरांचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. म्हणजे त्या कागदाला जी काही किंमत आहे ती त्यामागच्या मताची आहे, आणि तपासणीच झाली नसेल तर मत आले कुठून? राज्याच्या कायद्यानुसार योग्य तपासणी आणि वैद्यकीय कारण यांच्याशिवाय शिफारस करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. गांजा विकणाऱ्याची नोकरी करणे किंवा त्याच्याशी करार करणे हेही तसेच. शिफारसपत्राच्या जाहिरातीत संघीय कायद्याविषयीची सूचना छापणे बंधनकारक आहे. मी पाहिलेल्या जाहिरातीत ती नव्हती.

कार्डाचे बिंग पहिल्याच आठवड्यात फुटले. विक्रीकराची सूट मागितली तेव्हा दुसऱ्या दुकानातील बाईंनी शांतपणे सांगितले की ती सूट फक्त काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य विभागामार्फत मिळणाऱ्या ओळखपत्रावर मिळते, हे तर खासगी कार्ड आहे. मग काउंटीत अर्ज केला आणि शुल्क भरले. काउंटीने पत्राची खातरजमा करण्यासाठी डॉक्टरांच्या कार्यालयाशी संपर्क साधला, तिकडून उत्तर आले नाही आणि अर्ज नामंजूर झाला.

पैशांचे दुःख मी गिळले असते. पण मी ग्रीन कार्डधारक होतो, आणि नागरिकत्वाच्या अर्जासाठी वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. एप्रिल 2019 मध्येच इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केले होते की राज्यात कायदेशीर असले, वैद्यकीय कारणासाठी असले, तरी गांजा बाळगणे सच्चारित्र्याच्या अटीत आड येऊ शकते. ‘इथे हे पूर्ण कायदेशीर आहे’ असे मला त्या खोलीत तीनदा सांगितले गेले होते, आणि माझ्यासारखे एच-वन किंवा ग्रीन कार्डवरचे किती मराठी लोक हे वाक्य ऐकून सही घेत असतील, या विचाराने मी हे लिहीत आहे. वकिलांच्या सल्ल्याने अर्ज लांबणीवर टाकला.

राज्याच्या मेडिकल बोर्डाकडे तक्रार करण्याआधी मी त्या खोलीकडे स्वतःच्या वैद्यकीय नोंदींची प्रत लेखी मागितली. तीन आठवड्यांनी एक पान आले. त्यावर मणक्याची तपासणी केल्याचे लिहिले होते, औषधांच्या रकान्यात ‘काही नाही’ होते, आणि रक्तदाब नोंदवला होता 120/80. त्या दिवशी माझ्या दंडाला कोणी पट्टाच लावला नव्हता.