गच्चीवरचे गुलाब आणि १५ इंची ग्रो बॅग: पावसाळा, थंडी, उन्हाळा काढल्यावर

परवा ग्लॅडिएटर गुलाबाची बॅग सावलीला सरकवताना तिचा कानच (धरायचा पट्टा) तुटून हातात आला. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर काय, रिटर्नची मुदत संपली आणि कान वजन उचलायला नसतात. मग शिवलेत कशाला? त्यांच्याच जाहिरातीत माणूस दोन्ही कान धरून भरलेली बॅग उचलतोय! १५ बाय १५ ची बॅग ओल्या मातीसकट पन्नास किलोच्या आसपास जाते, २२० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाच्या) कापडाला एकेरी शिलाईचा पट्टा कसा टिकणार. तसं स्पष्ट लिहा की.

पण कान सोडा, माझं खरं भांडण आहे ते भोकांचं. या बॅगांना भोकं तळाला नाहीत, बाजूला आहेत, तळापासून दीड-दोन इंच वर. म्हणजे तेवढं पाणी खाली साचलेलंच राहणार. गुलाबाला पाणी भरपूर लागतं पण मुळं पाण्यात बसलेली अजिबात चालत नाहीत, आणि सांगलीत सगळ्यांच्या हाताशी असते ती काळी माती, ओली झाली की फुगते नि पाणी सोडत नाही. मी लाल माती, कोकोपीट, शेणखत आणि निंबोळी पेंड असं मिश्रण भरलं होतं, तरी जुलैत झड लागल्यावर खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, वर काळे ठिपके आले ते वेगळेच. माती उकरली तर कुजका वास. शेवटी सळी तापवून तळाला भोकं पाडली (तापवूनच पाडा, कात्रीनं कापलं की कापडाचे धागे उसवत जातात) आणि बॅगा विटांवर चढवल्या, कारण फरशीला तळ चिकटून बसला की भोक असून उपयोग नाही, शिवाय स्लॅबला ओल येते.

तेव्हा लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. आता मत जरा बदललंय. पत्र्याच्या कडेला पाऊस पोचत नाही म्हणून तिथल्या बॅगांना भोकं पाडली नव्हती, पण पश्चिमेचं ऊन तिथं पुरं येतं. एप्रिलमध्ये पारा चाळीसला टेकला तेव्हा भोकं पाडलेल्या झाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायला लागायचं, आणि ही कडेची झाडं सकाळच्या एका पाण्यावर संध्याकाळपर्यंत ताठ उभी! खालचं साचलेलं पाणीच कामाला आलं. म्हणून आता तळाच्या भोकांना रबरी बुचं बसवलीत, उन्हाळ्यात लावायची आणि मृगाच्या आधी काढायची. हे कंपनीनंच करून दिलं तर मी वीस-तीस रुपये जास्त द्यायला तयार आहे, खरंच सांगते.

बाकी फुलांबद्दल तक्रार नाही. इथं द्राक्षवाल्यांची ऑक्टोबर छाटणी चालू झाली की मीपण गुलाब छाटते, कापलेल्या टोकांना बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावते, तासगाव-मिरजेकडं मोरचूद आणि चुना कुठल्याही कृषी दुकानात मिळतोय. दीड महिन्यात पहिला बहर आला आणि काय फुलं आली म्हणून सांगू, शेजारच्या काकू रोज एक देवाला मागून न्यायच्या. थंडीत भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारी बुरशी) आली, गंधकाच्या फवारणीनं गेली. डोळा भरलेल्या जागेच्या (जिथं कलम जोडलेलं असतं) खालून फुटवा आला तर मात्र लगेच मुळापासून ओढून काढा, तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम केलंय त्या खालच्या झाडाचा असतो, सगळा जोर खातो.

काळ्या प्लॅस्टिक कुंड्या उन्हात इतक्या तापतात की हात लावता येत नाही, मातीच्या कुंड्या सगळ्यात गार पण त्या आकाराची एक घ्यायची तर तीन बॅगा येतात. त्यामुळं पुढच्या खेपेलाही बॅगाच घेणार, पण कानाच्या भरवशावर नाही आणि २६० जीएसएमच्या. बटण गुलाबाला १२ इंची पुरते, ग्लॅडिएटरसारख्या दांडग्या झाडाला १५ च्या खाली जाऊ नका.