खुबा बदलायचा ठरलाय, पण चिरा पुढून, मागून की बाजूने?

हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाला खुब्याचं ऑपरेशन सांगितलं की घरातलं कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघतंय आणि म्हणतंय, पुढून करणारा डॉक्टर शोधा, त्यात स्नायू कापत नाहीत, दुसऱ्या दिवशी माणूस चालतंय. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून तर आता तिन्ही पद्धतीत उभं करतात, त्यामुळे तेवढ्यावरून ठरवू नका. आत बसतंय तेही तेच, कप, त्यातला लाइनर म्हणजे अस्तर, बॉल आणि मांडीच्या हाडातली दांडी. फरक आहे तो सांध्यापर्यंत कुठल्या वाटेनं जायचं एवढाच.

मागून करतात तेव्हा पेशंटला कुशीवर झोपवून ढुंगणाच्या बाजूला चिरा घेतात, मोठा स्नायू धाग्यांच्या दिशेनं उकलतात आणि खालचे छोटे स्नायू, जे पाय बाहेर वळवतात, ते हाडापासून सोडवून शेवटी परत शिवतात. चालताना कंबर सरळ धरणारा ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू ह्यात शाबूत राहतो, ही मोठी गोष्ट आहे. डॉक्टरला सगळं नीट दिसतंय, आणि पुढे कधी तोच सांधा परत काढायची वेळ आली तर हीच वाट वाढवता येते. मोठा दोष एकच, सांधा मागच्या बाजूला निखळू शकतो. पूर्वी हे जास्त व्हायचं, आता सांध्याभोवतीची पिशवी आणि ते छोटे स्नायू नीट शिवतात, बॉलही मोठा वापरतात, म्हणून धोका बराच उतरलाय. पण आपल्या घरातलं बघा, जेवण पाटावर, संडास इंडियन, आणि खाली वाकून चपलेचा पट्टा लावताना खुबा 90 अंशाच्या पुढे वाकतो, गुडघा आत येतो आणि पाऊल बाहेर जातंय. हाच तो धोक्याचा कोन! पहिले दीड ते तीन महिने त्यापासून लांब राहायचं, रात्री पायांच्या मधे उशी ठेवायची, मांडी घालायची नाही.

बाजूची पद्धत हार्डिंज ह्या सर्जनच्या नावानं ओळखतात, त्यानं ती 1982 ला मांडली. ह्यात निखळायचा धोका कमी, म्हणून पडून खुबा मोडलेले म्हातारे, पार्किन्सनवाले किंवा ज्यांना नियम लक्षात राहत नाहीत त्यांच्यासाठी बरेच डॉक्टर ही घेतात. पण त्यासाठी ग्लुटियस मीडियसचाच पुढचा भाग सोडवावा लागतो आणि तो नीट जुळला नाही तर माणूस लंगडतंय. त्या पायावर उभं केलं की दुसरीकडची कंबर खाली पडते. रोज शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाला हे जन्माचं दुखणं होऊ शकतं.

आता पुढून, जिचा एवढा बोलबाला आहे. दोन स्नायूंच्या फटीतून आत जातात, पेशंट पाठीवर झोपलेला असतो त्यामुळे ऑपरेशन चालू असतानाच एक्सरे घेऊन पायांची लांबी तपासणं सोपं जातंय. पहिल्या काही आठवड्यात दुखणं कमी, काठी लवकर सुटते, वाकण्याचे नियमही सैल. पण तीन महिने ते वर्षभरात बाकीचे पेशंट साधारण तिथंच येऊन पोचतात, हे कोणी सांगत नाही. मांडीच्या पुढच्या बाहेरच्या बाजूची कातडीची नस ताणली तर तिथं बधीर राहतंय, साडी नेसताना हात फिरवला तर कापडावरून फिरवल्यासारखं वाटतं, बहुतेकांना ते चालून जातंय. खरी अडचण शिकण्याची, हात बसेपर्यंत सर्जनला पन्नास-शंभर केसेस लागतात म्हणतात आणि त्या काळात दांडी बसवताना मांडीचं हाड तडकायचे प्रकार जास्त. पोट सुटलेलं असेल तर जांघेजवळ घडीखाली जखम ओली राहते, त्यात शुगर आणि आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस, मी तर अशा माणसाला पुढून करू नका म्हणेन.

माझं मत स्पष्ट आहे. वाट निवडण्याआधी हात निवडा. जो डॉक्टर दर आठवड्याला मागून करतो त्याला तुमच्या हट्टापायी पुढून करायला लावू नका. त्याला सरळ विचारा, सर तुम्ही रोज कुठली करता, वर्षाला किती करता, किती निखळले, माझ्या आईला ही का. चांगला डॉक्टर ह्यावर रागावत नाही. स्टेरॉइड किंवा दारूमुळे खुबा गेलेल्या पस्तिशीतल्या पोराला पुढून किंवा मागून दोन्ही चालतात, पण ज्याच्या कमरेच्या मणक्यात स्क्रू आहेत त्याचा सांधा निखळायचा धोका मुळातच जास्त, हे आठवणीनं सांगा.

अंतराचाही विचार करा. निपाणी, चिकोडीवाल्यांना मिरज-कोल्हापूर जवळ, पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या माणसानं नावावर भुलून लांब केलं आणि रात्री सांधा निखळला तर कुठं नेणार? अशा वेळी बेळगावातलाच डॉक्टर बरा. पैशाचं बघताना बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ह्या सरकारी योजनेतून होतंय का, कुठलं इंप्लांट मिळतंय, ते ॲडमिट व्हायच्या आधीच विचारून घ्या.

आणि कमोडवर बसवायची उंच सीट ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा, डिस्चार्जच्या दिवशी बिल आणि औषधांच्या धावपळीत दुकान धुंडाळायला घरात माणूस मोकळं नसतंय.