‘सगळ्या डब्यांना बसते’ या उत्तरावर मी विश्वास ठेवला

माझ्याकडे एचओ मापाच्या, म्हणजे 1:87 प्रमाणाच्या, रेल्वे-प्रतिकृतीचे 24 जुने मालडबे आहेत. त्यांचे एक्स2एफ या जुन्या पद्धतीचे कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, थेट ट्रकवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, बसवलेले असल्याने गाडी मागे ढकलली की सगळा दाब ट्रकवर येतो, तो तिरका होतो आणि सांध्यावर डबा रुळावरून उतरतो. म्हणून धातूच्या चाकांचे नवे ट्रक आणि डब्याच्या तळाला स्क्रूने बसणारे केडी कंपनीचे क्रमांक 5 चे धातूचे कपलर घ्यायचे मी ठरवले.

विक्रेता ऑनलाइन भेटला. अशा फसवणुकीची पुढची रीत सर्वांना ठाऊकच आहे. आधी मागवलेला 2 डब्यांचा संच अस्सल आला. मी तो डोळे झाकून घेतला नव्हता. चाकांमधले अंतर गेजवर तपासले होते, कपलरची उंची मोजली होती. मग उरलेल्या 22 डब्यांसाठी 44 ट्रक, 88 चाकजोड्या आणि 44 कपलर मागवले. रकमेचे 70 टक्के आगाऊ दिले, उरलेले 30 टक्के माल निघण्यापूर्वी दिले, आणि शुल्क वाचेल या त्याच्या सांगण्यावरून दोन्ही वेळा ‘ओळखीच्या व्यक्तीला’ या प्रकारात पाठवले. त्या प्रकारात अनोळखी माणसाला एक पैसाही पाठवू नका.

आलेली चाके चंदेरी रंग दिलेल्या प्लॅस्टिकची होती. सुईने ओरखडा काढताच आतला काळा रंग दिसला. चाकांच्या कडा इतक्या खोल होत्या की कोड 70 च्या, म्हणजे कमी उंचीच्या, रुळावर त्या रूळ धरणाऱ्या खिळ्यांना घासू लागल्या. चार-चार कपलरच्या अकराही पाकिटांची छपाई हुबेहूब होती, पण आतले कपलर प्लॅस्टिकचे होते आणि कपलर मध्यावर आणणाऱ्या कांस्याच्या सपाट स्प्रिंगऐवजी त्यांना प्लॅस्टिकच्याच दोन काड्या होत्या. विक्रेत्याकडून पेटीचे नव्हे, उघड्या कपलरचे जवळून काढलेले छायाचित्र मागवा.

मला खरा त्रास होतो तो एका संदेशामुळे. मी 24 डब्यांची यादी पाठवली होती, त्यांत निरनिराळ्या बनावटीचे आणि काळाचे डबे होते. एका मिनिटात उत्तर आले, ‘सगळ्या डब्यांना बसते.’ ज्याने आयुष्यात एकदा तरी जुन्या डब्याचा ट्रक बदलला आहे, तो असे लिहूच शकत नाही. तो विचारील की बोल्स्टरचे, म्हणजे ट्रक जिथे बसतो त्या आडव्या आधाराचे, भोक केवढे आहे, कपलरचा दांडा आखूड हवा की लांब, ट्रक बदलल्यावर डबा वर उचलला जाणार की खाली बसणार, कारण कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे 9.9 मिलिमीटरवर यावा लागतो आणि तो जुळला नाही तर चालत्या गाडीतून डबे सुटतात. हे सारे मला माहीत होते. तरीही 22 डबे एकेक करून मोजण्याचे काम टळले, या समाधानात मी तो संदेश वाचून पुढे गेलो. जो विक्रेता तुमच्या डब्याबद्दल काहीच विचारत नाही, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवा.

तक्रारीचा अनुभव तर फसवणुकीहून वाईट ठरला. पैसे पाठवणाऱ्या सेवेने सांगितले की ओळखीच्या व्यक्तीला दिलेली रक्कम परत मागता येत नाही. विक्रीच्या संकेतस्थळाने व्यवहार आपल्या बाहेर झाल्याचे सांगून हात झटकले. मात्र त्या विक्रेत्याची जाहिरात आजही तिथेच आहे. पोलिसांकडे गेलो, तर ठाण्यातल्या अधिकाऱ्याने पार्सल मिळाल्याची नोंद पाहिली आणि ‘माल तर पोहोचला आहे, मग फसवणूक कसली,’ असे विचारले. धातू आणि प्लॅस्टिक यांतला फरक दाखवण्यासाठी मी अस्सल आणि नकली कपलर त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी ‘खेळण्याचे सुटे भाग’ एवढेच लिहून घेतले. मी पोलिसांना चार वेळा पत्रासोबत छायाचित्रे पाठवली, चारही वेळा वेगळ्या व्यक्तीने तीच पुन्हा मागितली, आणि पाचव्या महिन्यात, उत्तर न आल्यामुळे तक्रार बंद केल्याचा संदेश आला. उत्तर तर प्रत्येक वेळी मीच देत होतो. ती चारही पत्रे आणि अकरा पाकिटे मी जपून ठेवली आहेत, आणि तक्रार पुन्हा उघडण्याचा अर्ज कालच दिला आहे.