वाढीव वॉरंटी की घरातली तजवीज? कोकण किनाऱ्यावरच्या ग्राहकासाठी तुलनात्मक आढावा

गणपतीच्या आधी चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या दुकानांत फ्रिज आणि टीव्हीची खरेदी जोरात असते, आणि किंमत ठरून बिल करायच्या वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो: दोन वर्षांची वॉरंटी वाढवून देऊ का? वस्तूवर एवढी मोठी रक्कम खर्च केलेली असताना आणखी तीन-चार हजार रुपये जड वाटत नाहीत, शिवाय खरेदी हप्त्यांवर असेल तर ते हप्त्यातच मिसळून जातात. या आढाव्यात एका बाजूला ही वाढीव वॉरंटी ठेवली आहे आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच पैसे घराच्या अर्थिंगवर, स्टॅबिलायझरवर आणि वेळच्या वेळी केलेल्या देखभालीवर खर्च करण्याचा पर्याय. माझे मत असे की किनारपट्टीवर बहुतेक वस्तूंसाठी दुसरी बाजू सरस ठरते. अपवाद आहेत, आणि ते पुढे येतीलच.

आधी साधा हिशेब करावा. समजा टीव्हीच्या दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीला ४,००० रुपये पडतात आणि त्या काळात होऊ शकणारी मोठी दुरुस्ती १२,००० रुपयांची आहे. अशा वेळी दर तीन टीव्हींपैकी एक त्या दोन वर्षांत बिघडला, तरच ग्राहकांची बरोबरी होते. वॉरंटी मुळात निर्मितीतल्या दोषांसाठी असते, आणि असे दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांतच, म्हणजे कंपनीची मूळ वॉरंटी चालू असतानाच उघडे पडतात. वापराने होणारी झीज बऱ्याच वर्षांनी सुरू होते, आणि तोवर वाढीव मुदतही संपलेली असते. विकत घेतलेली वर्षे बहुधा यंत्राच्या आयुष्यातली सर्वांत शांत वर्षे असतात. शिवाय अनेक कंपन्या फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरवर मुळातच दहा वर्षांची वॉरंटी देतात, त्यामुळे वाढीव योजनेतून खरी भर पडते ती पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड), पंख्याची मोटर, गॅस आणि कारागिराची मजुरी एवढ्यापुरतीच.

हा हिशेब कुठल्याही गावाला लागू आहे. किनाऱ्यावर मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काय मिळणार नाही याची यादी, आणि ती आधी वाचावी. गंज, विजेचा कमी-जास्त दाब, आकाशातली वीज, पुराचे पाणी, उंदीर, पाली, मुंग्या ही कारणे बहुतेक योजनांत वगळलेली असतात, आणि आपल्याकडे वस्तू जातात त्या मुख्यतः याच कारणांनी. समुद्राकडे तोंड करून लावलेल्या एसीचे आउटडोअर युनिट काही पावसाळे गेल्यावर जवळून पाहावे. तांब्याच्या नळ्यांवर बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर खारी हवा साचते, दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात मीठ आणि ओल एकत्र आली की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, आणि बोट लावताच पट्टीची पांढरी भुकटी हाताला लागते. पुढे थंडावा कमी होतो, कॉइल गळू लागते आणि गॅस निघून जातो. ग्राहक याला बिघाड म्हणतो, तर टेक्निशियनच्या अहवालात ‘गंज’ असे लिहिले जाते, आणि तेवढ्यावर दावा अडतो. याच युनिटला मुख्य स्विच बंद करून महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याची हलकी धार मारली, तर पट्ट्यांचे आयुष्य वाढते आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

विजेचेही तसेच. जांभ्याच्या सड्यावरच्या घरांत अर्थिंग हा दुबळा दुवा असतो, कारण जांभा आणि त्यावरची उथळ माती वीज सहज वाहू देत नाही, आणि मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हा विरोध आणखी वाढतो. वळवाच्या पावसाचा गडगडाट नेमका त्याच दिवसांत सुरू होतो. स्टॅबिलायझर दाबातले सावकाश होणारे चढउतार सावरतो, पण क्षणार्धात येणारा मोठा झटका त्याला झेपत नाही. तो झटका वळवण्यासाठी सर्ज प्रोटेक्टर लागतो, आणि खाली चांगले अर्थिंग नसेल तर तो प्रोटेक्टरही नावापुरताच उरतो. म्हणून घरात पाच-सहा महाग उपकरणे असतील तर प्रत्येकाची वॉरंटी वाढवण्यापेक्षा वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घेणे, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालणे आणि मीटरजवळच्या बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवणे हा खर्च एकदाच होतो आणि सगळ्या वस्तूंना उपयोगी पडतो. गडगडाट सुरू झाला की टीव्हीच्या प्लगबरोबर डिशची केबलही काढावी. झटका त्या वाटेनेही येतो, आणि हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

आता सेवेचा प्रश्न. वाढीव वॉरंटीची खरी किंमत दारात येणाऱ्या कारागिरावर ठरते. कंपनीचे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी, काही वेळा थेट कोल्हापूरला, आणि घर आडगावातल्या वाडीत असेल, तर अनेक योजनांत नगरपालिका हद्दीबाहेर येण्याचा प्रवासखर्च ग्राहकाकडून घेतला जातो. पैसे देण्यापूर्वी आपला पिनकोड सांगून ‘घरी येणार का, किती दिवसांत, आणि येण्याचे वेगळे पैसे किती’ हे लेखी विचारावे. तोंडी होकारावर कोणीही योजना घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

मुंबईत राहून गावचे घर जपणाऱ्या चाकरमान्यांसाठी तर उत्तर आणखी स्पष्ट आहे. घर वर्षातले बरेच महिने बंद असते, पण वॉरंटीची मुदत त्या महिन्यांतही सरत असते. पावसाळ्यात बंद खोलीतल्या दमट हवेने पीसीबीवर बुरशी आणि गंज धरतो, आणि तो सापडतो शिमग्याला किंवा गणपतीला घर उघडल्यावर. अशा घरासाठी वाढीव वॉरंटी घेऊ नये. होमस्टे चालवणाऱ्यांनीही सावध राहावे. घरगुती उपकरणांच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बहुधा वगळलेला असतो, त्यामुळे तारकर्ली किंवा दिवेआगरात पाहुण्यांच्या खोलीत लावलेल्या एसीचा दावा नाकारला जाऊ शकतो. त्यांना स्थानिक कारागिराशी केलेला वार्षिक देखभाल करार जास्त उपयोगाचा, विशेषतः त्यात वर्षातून तीन-चार धुलाया धरलेल्या असतील तर.

पूर आणि वादळ यांसाठी मात्र वॉरंटीकडे पाहूच नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या महापुरात जे गेले, ते भरून देणे हे विम्याचे काम आहे. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात घराच्या इमारतीबरोबर आतील सामानालाही इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण मिळते, आणि पूर व वादळ ही कारणे त्यात येतात. शॉर्टसर्किटने उपकरणात झालेला बिघाड मात्र तिथेही वगळलेला असतो, म्हणून अर्थिंगची तजवीज विमा घेतल्यावरही करावीच लागते.

वाढीव वॉरंटी कोणी घ्यावी, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. बाराही महिने राहत्या घरात, सर्व्हिस सेंटर असलेल्या शहरात, मोठ्या पडद्याचा महाग टीव्ही घेणाऱ्याने ती जरूर विचारात घ्यावी, कारण पॅनेल गेले तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. इन्व्हर्टर एसीसाठीही ती घ्यावी, पण पीसीबी, गॅस आणि कॉइल या तिन्हींचा उल्लेख कागदावर असेल आणि गंज वगळणारे कलम नसेल तरच. फ्रंट लोड वॉशिंग मशीनसाठी घ्यावी की नाही, हे काठावरचे आहे. मिक्सर, मायक्रोवेव्ह, साधा फ्रिज, टॉप लोड मशीन यांसाठी गरज नाही. मोबाइलच्या बाबतीत पडून काच फुटणे हा मुख्य धोका असतो आणि तो वाढीव वॉरंटीत येत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीची वेगळी योजना असते.

घ्यायचीच ठरली तर उत्पादक कंपनीची घ्यावी. दुकानाच्या किंवा तिसऱ्या कंपनीच्या योजनेत वस्तू दुरुस्त होण्यासारखी नसेल तर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा करून पैसे देण्याची अट पुष्कळदा असते. बिलावर वॉरंटीची वेगळी ओळ आहे का आणि ती आपण मागितली होती का, हे पाहावे; ऑनलाइन खरेदीत न विचारता अशी सेवा जोडणे केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. दावा चुकीच्या कारणाने नाकारला गेला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय केली आहे, त्यामुळे मुंबईत घेतलेल्या वस्तूसाठी देवगडच्या रहिवाशाला मुंबई गाठावी लागत नाही, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही.

दुकानात मात्र घाई करण्याचे कारण नाही. अनेक उत्पादक मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती वाढवून देतात. तशी सोय आहे का ते विचारून घ्यावे आणि असेल तर खरेदीनंतरच्या दहाव्या-अकराव्या महिन्यात, एक पावसाळा वस्तूने कसा काढला आणि तक्रारीला कारागीर किती दिवसांत आला हे पाहून, मग ठरवावे.