‘छ माण आठ गुंठ’ : निवृत्त तलाठ्याचा अभिप्राय (५ पैकी ४ तारे)

एक तारा कापलाय तो विक्रेत्याचा. पुठ्ठा न घालता नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक पाठवलं, कोपरा चेपून आला. टाइपही बारीक आहे.

३४ वर्षं तलाठी म्हणून काढली, त्यामुळे नावात ‘गुंठ’ दिसताच मागवलं. फकीरमोहन सेनापतींची ओडिया कादंबरी, चौघांनी मिळून इंग्रजीत आणलेली. इंग्रजी नावात ‘सहा एकर आणि एक तृतीयांश’ छापलंय. म्हटलं, चुकले गडी! आठ गुंठे म्हणजे एकराचा पाचवा हिस्सा. मग कळलं, आपला एकर ४० गुंठ्यांचा, ओडिशातला माण, म्हणजे तिकडचा एकर, २५ चा. पंचविसात आठ, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यांचा हिशेब बरोबर, माझीच नोंद चुकीची.

ही जमीन भगिया आणि सारिया या विणकर जोडप्याची. पोटी मूल नाही. जमीनदार रामचंद्र मंगराज चंपा नावाच्या बाईला पुढे करतो. ती सारियाच्या मनात भरवते, ग्रामदेवीचं देऊळ बांध, कूस उजवेल. देवळासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन गहाण. पुढचं सांगायला नको. अशी गहाणखतं मी ढिगाने पाहिलीत, पण जमिनीपाठोपाठ त्यांची नेत नावाची गायही जाते, तिथे पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन आलो.

मात्र रडगाणं नाही हं. सुरुवातच बघा. मंगराजाची एकादशी कडक, फक्त पाणी आणि तुळशीची पानं. पण जगा न्हावी बोलून जातो की एकादशीच्या रात्री मालकांच्या खोलीत दुधाचं मोठं भांडं आणि केळी ठेवतात, आणि भल्या पहाटे तो रिकामं भांडं घासायला नेतो. निवेदक मालकाची बाजू घेतल्यासारखं करतो आणि त्यातच त्याला पुरता उघडा पाडतो. आमच्या सर्कलमधले एक भाऊसाहेब असंच बोलायचे.

कागदातली मेख लेखकाला कळते, कारण हा माणूस स्वतः संस्थानांत दिवाण होता. जन्म १८४३, बालेश्वरचा. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. पोर सारखं आजारी, म्हणून तिने पिराला नवस बोलला आणि ब्रजमोहनचा फकीरमोहन झाला. शाळा थोडकीच. कादंबरी १८९७ पासून ‘उत्कल साहित्य’ मासिकात ‘धूर्जटी’ या टोपणनावाने येत होती. मंगराजाचा खटला बघायला खेड्यातली माणसं थेट कटकच्या कोर्टात गेली, असं सांगतात. खरं असावं. मलाही दोनदा वाटलं, उठून तारीख विचारावी.

प्रत आता जावयाला देणार आहे. तो वकिली करतो. यातले वकील रामराम लाला त्याला कसे वाटतात, ते ऐकायचंय.