एचडी पॅक, सात महिन्यांनंतर: चित्र झकास, पण खालचे ९ सेंटीमीटर कोणाचे?

मागच्या मंगळवारी आमच्याकडे गृहप्रवेश झाला. म्हणजे मालिकेतल्या सुनेचा. आई तीन आठवडे त्याच्या मागावर होती. सासूनं ओवाळलं, उंबरठ्यावर माप ठेवलं, सुनेनं उजवा पाय उचलला आणि पडद्याच्या खालून एक पट्टी सरसर वर आली. तिच्यावर दुसऱ्याच मालिकेची नायिका हात जोडून उभी, शेजारी वार आणि वेळ. पट्टी गेली तोवर तांदूळ सांडून झाले होते आणि सून देवघरात पोचली होती.

"काहून रे, माप हळूच लोटलं का तिनं, की लाथाडलं?" आईनं विचारलं. आता मी काय सांगणार! पाय नेमके पट्टीखाली. आणि पुढचा अख्खा भाग सासू त्याच मापावरून टोमणे मारत होती, त्यामुळे प्रश्न अगदीच फालतू नव्हता.

दसऱ्याला ४३ इंची टीव्ही घेतला, त्यासोबत डीटीएचचा एचडी बॉक्स. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे कळेल की सगळा दोष तिचा नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ३२ इंचीवर तिला चेहरे नीट ओळखू येत नव्हते. तो टीव्ही कामठीच्या मावसभावाला देऊन टाकला. एचडीचे महिन्याला साधारण १०० रुपये जास्तीचे पडतात. सात महिन्यांचे ७००.

बॉक्सबद्दल फार लिहीत नाही. चालू व्हायला वेळ घेतो, रिमोटचं म्यूटचं बटण चौथ्या महिन्यात बसलं. अवकाळी पावसात सिग्नल जातो, पण तो गच्चीवरच्या कोणत्याही डिशचा जातो. चित्र मात्र खरंच सुरेख. पैठणीच्या काठावरचे मोर मोजता येतात.

पण पट्टीसुद्धा तितकीच सुरेख दिसते, हे घेताना डोक्यात आलं नव्हतं.

सुरुवातीला मला वाटलं, हा बॉक्सवाल्यांचाच उद्योग. रिचार्ज संपायला पाच दिवस उरले की हे लोक पडद्याच्या मधोमध चौकट टाकतात, तेव्हा संशय तिकडेच गेला. कस्टमर केअरला दोनदा फोन, दोन्ही वेळा बॉक्स बंद करून चालू करायला लावला. तिसऱ्यांदा भांडलो तेव्हा आमच्या घरी, नागपूरच्या मानेवाड्याला, माणूस पाठवला. त्यानं वायर बदलली, कुलरसमोर दहा मिनिटं बसला, मठ्ठा प्याला आणि म्हणाला, "भाऊ, बॉक्समधे काहीच नाही. हे चॅनेलवरूनच येऊन राहिलं." भेटीचे २०० रुपये लागले. शेजारच्यांकडे केबल आहे, तिथे जाऊन पाहिलं. तीच पट्टी, त्याच सेकंदाला. तेव्हा कंपनीला दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतो. रिचार्जच्या चौकटीच्या तेवढ्या राहू द्या.

मग मी मोजायला बसलो. बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून एक भाग रेकॉर्ड केला, थांबवून थांबवून टेप लावली. आई म्हणाली, "पडदे शिवून राहिला का?" पडद्याची उंची साडेत्रेपन्न सेंटीमीटर, त्यातले ९ पट्टीचे. सहावा हिस्सा. अर्ध्या तासाच्या त्या भागात पट्टी १४ वेळा आली, दर वेळी दहा-एक सेकंद.

त्याहून वाईट म्हणजे धंद्यातले लोक ज्याला एल-बँड म्हणतात तो प्रकार. चित्र आक्रसून वरच्या कोपऱ्यात जातं आणि डावीकडे-खाली सिमेंट नाहीतर हिंगाची जाहिरात पसरते. ९५ सेंटीमीटर रुंदीतलं चित्र ७६ वर आलं. उंचीही त्याच हिशेबात कमी. म्हणजे ४३ इंची टीव्ही तेवढा वेळ ३४ इंची होतो, आणि क्षेत्रफळ धरलं तर ३६ टक्के पडदा भाड्यानं गेलेला असतो. भाडं मात्र मला मिळत नाही. मावसभावाकडचा जुना टीव्ही आठवला की पोटात कालवतं.

फुकटचं चॅनेल असतं तर गप्प बसलो असतो. २०१९ पासून चॅनेलवार किंमत लागते. हे चॅनेल मी स्वतः निवडून, १८ टक्के जीएसटीसकट विकत घेतो.

भाचा वकिलीला आहे. त्यानं केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ काढून दाखवले. सातव्या नियमात तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे: १० मिनिटं जाहिराती, २ मिनिटं चॅनेलची स्वतःची टिमकी. एवढं ऐकून माहीत होतं. पण त्याच्याच आधीच्या पोटनियमात म्हटलंय की जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू यावी आणि तिनं कार्यक्रमात अडथळा आणू नये. उदाहरण काय दिलंय? पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकती अक्षरं टाकणं. म्हणजे आमची पट्टीच! ट्रायनंही, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०१२ साली अर्धवट पडद्यावरच्या जाहिरातींना बंदी घातली होती, २०१३ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. ९४ चा नियम मात्र पुस्तकात तसाच आहे.

२०२१ च्या नियमांनुसार चॅनेलकडे थेट तक्रार करता येते. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल द्यावा लागतो. मी मेल केला, सोबत मोजमापं जोडली. पोच आली वेळेत. निकाल चौदाव्या दिवशी आला: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोजमापांबद्दल अवाक्षर नाही. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत या पट्टीचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढा. महागाईचा निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो, हिचा काहून नाही?

उपाय म्हणून टीव्हीच्या सेटिंगमधला झूम करून पाहिला. पट्टी बरीचशी पडद्याबाहेर गेली, सोबत सगळ्यांची कपाळंही गेली. आईला कुंकू दिसेना, तिनं दोन मिनिटांत पूर्ववत करायला लावलं. चॅनेलच्या ॲपवर हीच मालिका पट्टीशिवाय दिसते, हे खरं. पण तिथे पैसे वेगळे, आणि आईला आठ वाजताच पाहायची असते, कारण साडेआठला समोरच्या काकूंचा फोन येतो.

तर चित्राला पाचपैकी साडेचार, बॉक्सला तीन, खालच्या ९ सेंटीमीटरला शून्य. दहा दिवसांनी रिचार्ज आहे. एचडी काढून साधा पॅक घ्यायचं ठरवलं आणि काल आईला तसं सांगितलं.

"काढ," ती म्हणाली. "पण रविवारचा महाएपिसोड झाल्यावर."

रविवारी महाएपिसोड आहे, हे तुला कोणी सांगितलं?

"खाली पट्टी नाही का येऊन राहिली."