मिसेस हॅरिस की मिस पेटिग्रू? गटात वाचायला कोणती घ्यावी

आमच्या गावच्या ड वर्गाच्या वाचनालयात बचत गटाच्या बायांना मी संध्याकाळी गोष्ट वाचून सांगतो. इंग्रजी पान समोर ठेवायचं आणि तोंडानं मराठी बोलत जायचं, अशी ती पद्धत. आजूबाजूच्या गावांतही आता कुणी कुणी असं करू लागलंय, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: कष्टाची बाई, मोठं स्वप्न आणि थोडं हसू, असं काही सांगा. बोलता बोलता गाडी बहुतेक वेळा दोनच पुस्तकांवर येते. पॉल गॅलिकोची मिसेस हॅरिस (१९५८) आणि विनिफ्रेड वॉटसनची मिस पेटिग्रू (१९३८). दोन्ही मी गटात वाचली. त्यामुळे माझ्यापुरता निवाडा झाला आहे, तुमचा वेगळाही होऊ शकतो.

कथानकं तुम्हाला साधारण ठाऊक असतील. एक लंडनमध्ये घरोघरी धुणं-पुसणं करणारी विधवा, मालकिणीच्या कपाटात दिओर या पॅरिसच्या महागड्या फॅशनघराचा पोशाख पाहून त्याच्यासाठी झुरणारी, आणि तो घ्यायला पॅरिस गाठणारी. दुसरी चाळिशीची, पोटाला महाग झालेली शिकवणारी बाई. चुकीच्या पत्त्यावर पाठवली जाते आणि डेलिशिया नावाच्या एका गाणाऱ्या, नखरेल तरुणीच्या घरात एक दिवस राणीसारखा जगून घेते. पेटिग्रू तशी मजूर वर्गातली नाही, पाद्र्याची मुलगी आहे. पण उद्याची भाकर कुठून येणार, ही धास्ती दोघींची सारखीच.

आधी पेटिग्रूच्या बाजूनं बोलतो, कारण ती वाचायला खरंच सोपी आहे. वाक्यं लहान, संवाद चटपटीत, सगळा कारभार सकाळी सव्वानऊपासून पुढच्या पहाटेपर्यंतचा. प्रकरणांना नावंही घड्याळातल्या वेळांचीच. तिला नटवतात, सजवतात आणि ती आरशात स्वतःला पाहते, त्या जागी आमच्याकडे अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू आला. लग्नानंतर आरसा फक्त कुंकू लावण्यापुरता पाहिलेल्या बाया होत्या त्या. एकट्यानं, एका बैठकीत वाचणाऱ्या कॉलेजच्या मुलीला मी आजही हेच पुस्तक आधी देईन.

गटात मात्र तिची एक अडचण होते. गोष्ट एका दिवसाची, आणि आमची बैठक आठवड्यातून एकदा. त्यात वेचणीच्या दिवसांत दोन-दोन आठवडे खंड पडतो. कापूस वेचून, वजन करून, घरी चूल पेटवून बाई येते तेव्हा तिला फिल कोण, निक कोण, मायकल कोण, आणि डेलिशिया नक्की कुणावर जीव टाकते, हे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. एका दिवसाची धांदल दोन महिने पुरवून वाचली की तिची ऊब जाते.

मिसेस हॅरिसचं उलट झालं. तिला वेळ लागतो, आणि तो वेळ आमच्या बायांच्या ओळखीचा निघाला. पोशाखाची किंमत ४५० पौंड, तिची मजुरी तासाला ३ शिलिंग. एका पौंडाचे तेव्हा २० शिलिंग, एवढं सांगून मी पान उलटणार, तर गटाच्या सचिव ताईंनी हिशेबाची वही पुढे ओढली. ९,००० शिलिंग, म्हणजे ३,००० तास. आठ तासांचा रोज धरला तर ३७५ रोज. आमच्याकडे तेव्हा बाईचा निंदणाचा रोज २५० रुपये होता. त्या भावानं ९३,७५० रुपये झाले, तेही पोटाला काही न घालता. "एका लुगड्यासाठी?" कुणीतरी म्हणालं. मग दुसरीनं आठवण काढली ती करवतकाठी कोशाच्या साडीची. तिच्या आजेसासूच्या पेटीत होती म्हणे, कुणाच्या तरी लग्नात एकदाच नेसलेली. त्या संध्याकाळी पुस्तक पुढे सरकलंच नाही. सगळ्या आपापल्या पेट्या उघडून बसल्या.

पुढे ती फुटबॉलच्या पैजेत शंभरावर पौंड जिंकते आणि तिथूनच हे वेड खरं पकडते. मग बस सोडून पायी जाणं, बुटाच्या तळाला भोक पडलं की आत वर्तमानपत्र कोंबणं. मधेच कुत्र्यांच्या शर्यतीत ५० पौंड घालवते, कारण कुत्र्याचं नाव उंची शिवणकामावरून ठेवलेलं असतं आणि तिला तो देवाचा कौल वाटतो. सट्टापट्टीनं ज्यांच्या घरातली भांडी गेली त्या बाया यावर हसतील असं मला वाटलं होतं. त्या हळहळल्या. "पुन्हा पहिल्यापासून आलं न बिचारीले," एवढंच बोलल्या.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे माझा कौल एका बाजूला झुकला. पेटिग्रूत एका ठिकाणी ती डेलिशियाला लग्नाचा सल्ला देते. फिल नावाच्या पैसेवाल्या माणसाशी लग्न करू नकोस म्हणते, आणि कारण काय, तर त्याच्यात थोडं ज्यू रक्त असावं, तो पुरता इंग्रज नाही. हे कुणा खलपात्राच्या तोंडी नाही. जिच्यासाठी आपण सकाळपासून जीव मुठीत धरून बसलो, तीच हे बोलते, शहाणपणाचा सल्ला म्हणून बोलते, आणि पुस्तक तिला कुठेही अडवत नाही.

मी पुढचं नीट वाचून गेलो नव्हतो, ही चूक माझी. वाक्य डोळ्यांसमोर आलं आणि तोंड थांबलं. गाळून पुढे जावं म्हटलं, पण समोरच्या मावशींच्या लक्षात आलं. "थांबले काऊन जी?"

समोर कोण बसलं होतं ते सांगायला हवं. आमच्या गटात कुणबी आहेत, तेली आहेत, गोवारी आहेत आणि बौद्ध वस्तीतल्या पाच जणी आहेत. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणाऱ्या. १९५६ साली नागपूरला ज्यांची सासू-सासरे पायी गेले होते, अशा घरांतल्या. रक्तावरून माणूस तोलणं म्हणजे काय, हे यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. वाक्य चोरून पुढे जाणं मला जमलं नाही. मी जसं होतं तसं सांगितलं.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इतक्या दूरच्या बाईलेही हेच शिकवलं होतं का जी?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आजही नाही. आम्ही पुस्तक पूर्ण केलं. शेवटी हसूही झालं. पण त्यानंतर पेटिग्रू त्यांना आपली वाटली नाही. तिच्या पुढच्या सुखावर टाळ्या पडल्या त्या जरा हात राखूनच.

मान्य आहे की ओळी दोन-चारच आहेत आणि कथा त्यांच्यावर उभी नाही. पुस्तक १९३८ सालचं आहे, त्या काळात असं सर्रास बोललं जाई. कित्येक चांगले वाचक त्या ओळी ओलांडून पुढे जातात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. एकट्यानं वाचत असतो तर कदाचित मीही गेलो असतो. मोठ्यानं वाचताना मात्र ते वाक्य माझ्या आवाजात निघालं, माझ्याच गावातल्या माणसांसमोर. हा फरक मला लहान वाटत नाही.

मिसेस हॅरिस निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पॅरिसचे मोठे लोक तिच्यापुढे फारच लवकर विरघळतात. लेखक तिच्याकडे लाडानं पाहतो, पण त्या लाडात थोडा वरचढपणा आहे. इंग्रजीचाही त्रास होतो. ती 'ह' खाऊन बोलते, तेव्हा पाठ्यपुस्तकातून इंग्रजी शिकलेला माणूस पहिली २० पानं अडखळतो. मी मराठीत सांगताना तिच्या तोंडी सरळ वऱ्हाडी घातली, "मले तो पोशाख पाह्यजे म्हणजे पाह्यजे", आणि तिथून अडचणच उरली नाही. दिओरच्या दुकानात वऱ्हाडीत बोलणारी बाई उभी आहे, हे चित्र आमच्याकडे चांगलंच रुजलं.

घेताना एक गोष्ट पाहा. हे पुस्तक इंग्लंडात 'फ्लॉवर्स फॉर मिसेस हॅरिस' आणि अमेरिकेत 'मिसेस 'ॲरिस गोज टू पॅरिस' या नावानं निघालं. पुस्तक एकच आहे, दोनदा पैसे घालू नका. पेटिग्रू बरीच वर्षं विस्मरणात होती, २००० साली पर्सेफनी या प्रकाशनानं ती पुन्हा छापली. दोन्हींवर सिनेमे निघाले आहेत, पेटिग्रूवर २००८ साली आणि हॅरिसवर २०२२ साली. हॅरिसचा सिनेमा मात्र पुस्तकाआधी दाखवू नका. त्यात शेवट गोड करून टाकलाय.

पुस्तकातला शेवट तसा नाही, आणि तो मी इथे सांगणार नाही. तो वाचून झाल्यावर आमच्याकडे सरळ दोन तट पडले एवढं सांगतो. निम्म्या म्हणाल्या, एवढ्या कष्टाचं असं व्हायला नको होतं. बाकीच्यांचं म्हणणं, तिला जे मिळायचं ते मिळालंच की. वाद वाचनालयाच्या पायरीवर रात्री साडेनऊपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी वावरात निंदतानाही चालला असं ऐकलं.

मिस पेटिग्रू आमच्या कपाटात आहे, कुणाला न्यायची असेल तर न्यावी. मिसेस हॅरिसची प्रत सध्या सचिव ताईंकडे आहे. तिचे पुढचे भागही निघाले आहेत, त्यातला न्यूयॉर्कचा आम्ही मागवलाय. वेचणी आटोपली की सुरू करू.